सहा व्हाइल

अंड्याचं टोक चमच्याने फोडता फोडता विनिफ्रेड म्हणाली, "आज मी सहा व्हाइल बाहेर आहे. कालचं मटण झाकून ठेवलंय, भूक लागली तर घे." आणि मिठाची बाटली ऑब्रीकडे सरकवून ती शांतपणे अंडं खाऊ लागली. आपण काही वेगळं बोललो हे तिच्या गावीही नव्हतं. ऑब्री पेलमच्या हातातला टोस्ट मात्र तोंडाशीच थांबला. तसं पाहिलं तर काहीच झालं नव्हतं. खिडकीबाहेर फेब्रुवारीची मळकी सकाळ होती, खालच्या गिरणीचा भोंगा नुकताच वाजून गेला होता, किटलीवर लोकरी टोपी होती, आणि बायको एक साधं वाक्य बोलली होती. पण त्या वाक्यातला एक शब्द त्याच्या घरातला नव्हता. व्हाइल म्हणजे 'असताना'. पाऊस पडत असताना, आपण जेवत असताना, बाळ झोपलेलं असताना. सहाच्या मागे हा शब्द लागत नाही. तिथे 'पर्यंत' लागतो, आणि 'पर्यंत'ला इंग्रजीत चांगला स्वतंत्र शब्द आहे, तो विनिफ्रेड लग्नानंतर शिकली होती आणि तेव्हापासून बिनचूक वापरत आली होती. उत्तर इंग्लंडातल्या या हडर्सफील्डमधले लोक तेवढे 'पर्यंत' म्हणायचं तिथे व्हाइल म्हणतात. दूधवाला म्हणतो, खाटीक म्हणतो, शाळेचा शिपाई म्हणतो. नऊ व्हाइल पाच काम करतात, सोमवार व्हाइल उधार मागतात. त्यांच्या तोंडी ते ऑब्रीला आता खटकतही नसे. पण ही त्यांच्यातली नव्हती. म्हणजे होती, जन्माने इथलीच होती. पण त्याने तिला त्यातून बाहेर काढून किती वर्षं झाली होती.

"कुठे जायचंय?" त्याने विचारलं.

"कुठे म्हणजे? चर्चच्या बायकांचं ते शिवणकाम. सांगितलं होतं ना मी."

सांगितलं असेल. ऑब्रीने टोस्ट खाल्ला. तिने भांडी उचलली, नळ सोडला, आणि पाठमोरी असतानाच ती काहीतरी गुणगुणायला लागली. इकडे बदली होण्याआधीच्या, दक्षिणेतल्या गिल्डफर्डच्या घरात ती कधी गुणगुणल्याचं त्याला आठवेना. तो आठवायचा प्रयत्न करत राहिला. तिथल्या स्वयंपाकघरातला पिवळा पडदा आठवला, तिचे ओले हात आठवले, रविवारी त्याचे सहकारी चहाला आले की कोपऱ्यातल्या खुर्चीवर गुडघे जुळवून बसलेली ती आठवली. पण आवाज आठवेना. "माझी बायको मुळात अबोल आहे," असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि सांगताना त्याला बरं वाटायचं. बडबड्या बायकांचे नवरे त्याच्याकडे हेव्याने बघत. आता ही अबोल बाई भांडी विसळताना गुणगुणत होती आणि तिच्या तोंडात दुसऱ्याचा शब्द आला होता. दुसऱ्याचा. हा विचार असा अलगद आला की ऑब्रीने तो आला म्हणून ध्यानातही घेतला नाही. कोट चढवून, टोपी घालून तो टेकडीच्या उतारावरून शाळेकडे चालू लागला तेव्हा तो विचार त्याच्याबरोबर चालतच होता.

नेमका त्या दिवशी चौथीच्या वर्गाला त्याला तोच शब्द शिकवायचा होता. किंवा नसेलही, त्यानेच तो काढला असेल. फळ्यावर त्याने व्हाइल लिहिलं आणि खाली एकेक उपयोग लिहीत गेला. नाम: थोडा वेळ. थोडा व्हाइल बस. क्रियापद: वेळ घालवणं, दुपार घालवणं. अव्यय: अमुक होत असताना. आणि मग तो उपयोग, ज्यात वेळेचा काही संबंधच उरत नाही, नुसता विरोध उरतो: तो उंच आहे, तर ती ठेंगणी. तो वाचतो, तर ती शिवते. तो दक्षिणेचा, तर ती इथली. खडू हातात घेऊन तो या वाक्यांकडे बघत राहिला. एकाच शब्दाने 'दोघं एका वेळी' असंही म्हणायचं आणि 'दोघं दोन टोकांना' असंही म्हणायचं, हे इतकी वर्षं शिकवताना आपल्याला विचित्र कसं वाटलं नाही? मागच्या बाकांवर खुसखुस झाली. मुलं पाचव्या, 'पर्यंत'च्या उपयोगाची वाट बघत होती. त्यांच्या घरात आई, बाप, आजी सगळे फक्त पाचवाच वापरत होते. ऑब्रीने तो फळ्यावर लिहिला नाही. फळा पुसून त्याने पुस्तक उघडायला सांगितलं.

बेचाळीस साली, लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा, त्याने तिची ती चूक पहिल्यांदा पकडली होती. लढाईचे दिवस. ती लष्कराच्या बायकांच्या तुकडीत टेलिफोनवर होती, तो प्रशिक्षण केंद्रात नकाशे शिकवायचा. रजेत तो तिला गिल्डफर्डला आईकडे घेऊन गेला. शेजारचा लहान मुलगा बसने त्यांच्याबरोबर गावात आला होता, तो दारात जाऊन उभा राहिला, आणि विनिफ्रेड त्याला म्हणाली, "बस थांबते व्हाइल उतरू नकोस हं." तिला म्हणायचं होतं, थांबेपर्यंत. मुलाने ऐकलं, थांबलेली असताना. बस थांबली तसा तो दांडा घट्ट धरून उभाच राहिला; बस सुटल्यावर त्याने उडी मारली. गुडघा फुटण्यापलीकडे काही झालं नाही. पण घरी आईने ती गोष्ट पाहुण्यांना सांगितली, आणि पाहुणे पोट धरून हसले. ऑब्री हसला नाही. ती वरच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसली होती, त्याने शेजारी बसून, तिचा हात हातात घेऊन, तिला त्या शब्दाचे सगळे उपयोग समजावून सांगितले. सावकाश. प्रेमाने. ती मान हलवत होती. त्या दुपारचा त्याला आजवर अभिमान होता. त्यानंतर शब्द एकामागून एक गळत गेले, स्वर बदलले, आणि वर्ष-दोन वर्षांत ती अशी बोलायला लागली की नवीन माणसाला ती कुठली ते ओळखता येऊ नये. ती कमी बोलायला लागली हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं, आणि त्याला ते परिपक्व होणं वाटलं.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत हेग पाइप ओढत बसला होता. हेग सुतारकाम शिकवायचा. इथलाच, तीन पिढ्यांचा. ऑब्रीने वर्तमानपत्र चाळता चाळता सहज विचारल्यासारखं विचारलं, "का हो हेग, बाहेरचं माणूस इथे आलं की तुमचं बोलणं किती दिवसांत त्याच्या तोंडी बसतं?"

"बाहेरच्याच्या? कुठलं बसतंय," हेग म्हणाला. "तुमी हाय की समोर. सप्टेंबरपासनं आलाय, अजून पाद्र्यावानी बोलताय."

"मी नाही. समजा, इथलंच, पण विसरलेलं माणूस असेल."

हेगने पाइप झटकला. "विसरल्यालं माणूस हवेतनं शिकत न्हाय, पेलमसाहेब. कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून बसावं लागतंय. कुणीतरी पायजे, ज्याच्याशी रोज बोलताय, हसताय. तवा कुठं परत येतं तोंडावर." आणि डोळे मिचकावून तो पुढे म्हणाला, "आन उशी एक असंल तर लवकर येतंय."

खोलीतले दोघेतिघे हसले. ऑब्रीही हसला. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

मग ऑब्रीच्या मनात तो माणूस तयार व्हायला वेळ लागला नाही. दुपारच्या दोन तासांत तो जवळजवळ पुरा झाला. जाड मनगटं, कानशिलावर पांढरे केस, डोक्यावर चपटी टोपी. माग दुरुस्त करणारा असेल, नाहीतर रंगखात्यात. विनिफ्रेडचे आईवडील कधीच वारले होते, भाऊ कॅनडात होता. "तिथे आता माझं कोण आहे?" असं इकडे बदली होताना ती म्हणाली होती, आणि ऑब्रीने त्यावर विश्वास ठेवला होता. पण लग्नाआधी ती इथे बावीस वर्षं जगली होती. त्या वर्षांत एखादा असेलच, चॅपेलच्या सहलीत शेजारी बसलेला, गिरणीच्या फाटकाशी थांबणारा. ऑब्रीने कधी विचारलं नव्हतं, कारण त्या वर्षांना त्याच्या लेखी फारसं अस्तित्वच नव्हतं. आता ती वर्षं अंगावर आली. आणि आश्चर्य म्हणजे त्या माणसाचे हात, त्याचं अंग, हे काही ऑब्रीच्या डोळ्यांपुढे येत नव्हतं. येत होतं ते त्याचं तोंड. मिशीखालचं, तंबाखूने पिवळट झालेलं तोंड उघडत होतं, त्यातून शब्द बाहेर पडत होते, आणि विनिफ्रेड ते आपल्या तोंडात घेत होती. त्याला वाटलं, याहून त्यांना एका अंथरुणात पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी ती सव्वासहाला आली. गाल लाल होते. कोट काढून ती खुंटीला लावायला वळली तेव्हा ऑब्री काहीतरी घ्यायच्या निमित्ताने तिच्या अगदी मागून गेला. कोटाला वास होता. गोडसर, जड, प्राण्याच्या अंगासारखा. या गावातल्या हवेत सगळीकडे थोडा थोडा असतो तो लोकरीच्या तेलाचा वास, पण इतका दाट की तो हवेतून लागलेला नव्हता. चर्चच्या बायका बाहुल्यांचे झगे शिवतात, त्यांना हा वास कुठला? तिच्या बाहीला एक करडा धागा चिकटला होता. ऑब्रीने तो चिमटीत धरून काढला आणि मुठीत ठेवला.

"कसं झालं शिवणकाम?"

"छान झालं," ती शुद्ध, सपाट, त्यानेच घडवलेल्या भाषेत म्हणाली. "तू जेवला नाहीस?"

त्यानंतरचे दिवस त्याने तिचं बोलणं ऐकण्यात घालवले. नवरा बायकोचं ऐकतो तसं नव्हे, परीक्षक ऐकतो तसं. ती मीठ मागे, कोळसा संपल्याचं सांगे, आणि तो प्रत्येक शब्द उलटापालटा करून बघे. कधी एखादा स्वर आखूड यायचा, कधी शब्दाचा शेवट गिळला जायचा, आणि तो ते मनात टिपून ठेवायचा. मंगळवारी-बुधवारी ती बाहेर जाऊन आली की हे जास्त व्हायचं. शनिवारी-रविवारी, त्याच्या सहवासात, भाषा पुन्हा परीटघडीची व्हायची. त्याच्या सहवासात ती बरी होत होती आणि दुसऱ्याच्या सहवासात तिला हे पुन्हा लागत होतं, आजारासारखं. एका दुपारी तो शाळेच्या ग्रंथालयात गेला आणि मोठ्या शब्दकोशाचा जड खंड त्याने टेबलावर घेतला. आपली बाजू पक्की करून घ्यावी असं काहीतरी मनात होतं. पाचवा उपयोग तिथे होता. चूक म्हणून नव्हता. उत्तरेकडचा, असं म्हटलं होतं, आणि खाली कितीतरी शतकांपूर्वीची उदाहरणं दिली होती, ऑब्रीच्या गिल्डफर्डमध्ये कुणी धड लिहीत वाचत नव्हतं तेव्हाची. त्याने खंड मिटला. पलंगाच्या कडेवर बसून, हात हातात घेऊन, त्याने तिला जे समजावलं होतं ते खरं नव्हतं. पण ही गोष्ट त्याला त्या माणसाइतकी लागली नाही. तो माणूस अजून तोंड उघडून उभा होता.

बुधवारी दुपारी शाळेत खेळ असतात. डोकं दुखतंय असं सांगून ऑब्री निघाला आणि घराच्या खालच्या वळणावर, तंबाखूच्या दुकानात शिरून उभा राहिला. विनिफ्रेड आली. डोक्याला रुमाल बांधला होता, चर्चला जाताना ती हॅट घालायची. ती चर्चच्या उलट्या दिशेला, कालव्याकडे वळली. बरंच अंतर ठेवून तो मागे चालू लागला. कालव्याच्या काठाने चालताना ती त्याला निराळीच दिसत होती. पावलं लांब पडत होती, हात हलत होते. एका बोटवाल्याला तिने हात केला. ऑब्रीला आपली लाज वाटत होती आणि पाय थांबत नव्हते. पुलाशी ती वर चढली आणि काळ्या दगडांच्या एका आवारात शिरली. बाहेरच्या अंगाने एक दगडी जिना होता. ती धावत वर गेली. चाळिशीच्या जवळची बाई, धावत. वरचं दार उघडलं, बंद झालं.

तो खाली उभा राहिला. किती वेळ ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग तो जिना चढला. दाराला हात लावण्याआधी त्याला आवाज ऐकू आला. एक बाई गोष्ट सांगत होती, आणि ती इतकी रंगून, इतकी ठसक्यात सांगत होती की ऑब्री आधी नुसता ऐकतच राहिला.

"...तर बा म्हनाला, हंस घरी ठिवला तर शेजारचा टॉम पळवतोय. म्हनून कोटात घालून चॅपेलात आनला. मी बाजूला. मला म्हनतो, भजन संपतंय व्हाइल मान दाबून धर ह्याची. आता भजन संपलं की. मी सोडली. मला काय ठावं, त्याच्याम्होरं पाद्रीबुवाची प्रार्थना हाय? त्यांनी डोळं मिटलं, हात वर केलं, म्हनाले, 'हे प्रभू, तुझ्या लेकरांचा आवाज ऐक,' आन माझ्या बाच्या पोटातनं..."

पुढचं हसण्यात बुडालं. चारपाच बायका हसत होत्या, कुणीतरी टेबलावर हात आपटत होतं, आणि त्या सगळ्यांच्या वर गोष्ट सांगणारीचा हसण्याचा आवाज होता. घोगरा, मोकळा. तो विनिफ्रेडचा होता. ही गोष्ट ऑब्रीने कधी ऐकली नव्हती. तिच्या बापाविषयी त्याला एवढंच माहीत होतं की तो गिरणीत होता आणि छातीच्या रोगाने गेला. हे ऐकत असताना, थंडगार दाराशी उभा असताना, त्याला कळलं की आत कुणी पुरुष नाही. मिशी नाही, टोपी नाही, मनगटं नाहीत. त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी आतलं जळणं वाढलं. एका माणसाशी भांडता आलं असतं.

"आत जा की, हितं गारठ्यात कशापायी उभं ऱ्हायलाय?" मागून आवाज आला. खांद्यावर कापडाचा तागा घेतलेला, रफूच्या त्या कारखान्याचा म्हातारा मालक जिना चढून आला होता. त्याने पायानेच दार ढकललं, आणि ऑब्री त्याच्यापुढे आत ढकलला गेला.

उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्यांखाली उतरती टेबलं होती, त्यांवर करडं कापड पसरलं होतं, आणि बायका सुया घेऊन त्यात गेलेले धागे भरत होत्या. विनिफ्रेडने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते कुठे ठेवावं हे न कळल्यासारखं क्षणभर तसंच राहिलं. मग ती उठली, ॲप्रनवरचे धागे झटकले, आणि त्याच्या ओळखीच्या आवाजात म्हणाली, "ऑब्री. तू इथे कसा आलास?" आणि बायकांकडे वळून, "हे माझे पती. मिस्टर पेलम."

खोली गप्प झाली. बायका ऑब्रीकडे बघत नव्हत्या. त्या विनिफ्रेडकडे बघत होत्या. तो आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. टेबलावर हात आपटणारी एक जाडजूड बाई, क्लॅरा तिचं नाव असं मागाहून कळलं, शेवटी म्हणाली, "बसा मास्तर. च्या घ्या." त्याला खुर्ची दिली, कप दिला. त्याने चहा प्यायला. सुया कापडातून जात होत्या, त्याचा बारीक आवाज येत होता. ही शांतता त्याच्या चांगल्या ओळखीची होती. पंधरा वर्षं ती त्याच्या बैठकीच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली होती, आणि ती आपण घेऊन येतो हे त्याला आज समजत होतं.

दोघं बरोबरच बाहेर पडली. पुलावर ट्रॉलीबसच्या थांब्याशी येऊन उभी राहिली. मग तीच म्हणाली, "लग्नाआधी मी हेच काम करत होते. क्लॅरा तेव्हाची. बाजारात भेटली आणि म्हणाली, ये. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाला नसतास. तू विचार करून, समजून घेऊन, मग हळूहळू बंद करायला लावलं असतंस."

"मला वाटलं, कुणी दुसरा आहे," ऑब्री म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग यायला हवा होता, पण तिच्या डोळ्यांत काहीतरी उजळल्यासारखं झालं आणि विझलं. "तुला असं वाटू शकतं माझ्याबद्दल?" ती जवळजवळ कौतुकाने म्हणाली.

"ती हंसाची गोष्ट. मला का नाही सांगितलीस कधी?"

"कशी सांगू? तुझ्या भाषेत ती हसवत नाही. मी करून पाहिलंय मनातल्या मनात."

"मग तशीच सांग. त्यांना सांगितलीस तशी. आत्ता." आपला आवाज चढतोय हे त्याला कळत होतं. "त्या बायकांशी बोलतेस तसं माझ्याशी बोल, विनिफ्रेड. मी काही म्हणणार नाही. एक शब्दही दुरुस्त करणार नाही."

तिने खरंच प्रयत्न केला. तिने श्वास घेतला, "तर बा म्हनाला..." म्हणाली, आणि थांबली. ते नाटकातल्या मोलकरणीसारखं वाटलं, दोघांनाही वाटलं. तिने पुन्हा ओठ उघडले, मिटले. "नाही येत रे," ती म्हणाली. "तू समोर असलास की नाही येत. मी मुद्दाम करत नाही." कालव्याच्या पाण्याकडे बघत ती पुढे म्हणाली, "तुझ्या आईकडे सगळे हसले होते बघ त्या दिवशी. तू हसला नाहीस. तू हसला असतास ना, तर मी चिडले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, आणि तशीच राहिले असते."

बस आली. खालच्या मजल्यावर आडव्या बाकावर दोघं शेजारी शेजारी बसली. कंडक्टर किडकिडीत, पन्नाशीचा, समोरचे दोन दात नसलेला माणूस होता. तो झोकांड्या खात आला.

"कुटं जायचं, बाई?"

"टेकडीवर दोन द्या. आन जरा हळू हाना म्हनावं त्याला, मगाशी पुलावर माझी हाडं खुळखुळली."

"त्याला म्हनायची माझी टाप हाय व्हय? माझा मेव्हना हाय तो."

"मग घरी गेल्यावर बहिनीला सांगा की. ती बघंल त्याच्याकडं."

कंडक्टर खदखदला, तिकिटं फाडून तिच्या हातात देत म्हणाला, "तुमी लॉकवूडच्या काय हो?"

"तर. खालच्या आळीची. बोलन्यावरनं कळतंय व्हय?"

तिने हे सारं ऑब्रीच्या खांद्याला खांदा लावून बसलेली असताना म्हटलं. तिला कळलंही नाही. तिचे डोळे चमकत होते, हात हवेत हलत होता, आणि त्या दात पडलेल्या परक्या माणसाला, तिकिटाच्या बदल्यात, ती ते सगळं देत होती. ऑब्री त्याच्याकडे बघत राहिला. आयुष्यात कुणाचा इतका हेवा त्याला वाटला नव्हता. त्या माणसाचा मळका कोट, पट्ट्याला लोंबणारं तिकिटांचं यंत्र, त्याचं ते बोळकं, सगळं त्याला आपल्यापाशी हवं होतं.

कंडक्टर दांडा धरून वरच्या मजल्यावर चढून गेला. विनिफ्रेडने तिकिटं हातमोज्यात खोचली, पदर सावरावा तसा गळ्याचा रुमाल नीट केला, आणि ऑब्रीकडे वळून स्वच्छ, सपाट भाषेत विचारलं, "तुला थंडी वाजते आहे का?"

"नाही," ऑब्री म्हणाला. वरच्या मजल्यावर बूट वाजत होते, मागून पुढे, पुढून मागे. तो कान देऊन ऐकत होता. तो माणूस पुन्हा खाली यावा, आणि तिच्याशी काहीतरी बोलावं, याची वाट पाहत तो बसून राहिला.